स्मरणिकेआधी सभा घ्या: सोलापुरातील आपल्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

प्रति,
पाळकसाहेब, सचिव, खजिनदार व पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,
सोलापूर.

आपणां सर्वांस प्रभूच्या नावात सलाम.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, इतिहासाची स्मरणिका काढण्याचे सभासदांनी निवडलेल्या पास्टोरेट कमिटीने ठरविले असल्याची सूचना गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखविण्यात आली. जाहिरातींचे दर, देणगीदारांच्या छायाचित्रांचा आकार आणि प्रकाशनासाठी बोलवावयाचे पाहुणे यांचा तपशील तिच्यात होता. इतिहास कोण लिहिणार, कोणत्या कागदपत्रांवरून लिहिणार आणि छापण्यापूर्वी तो सभासदांना वाचावयास मिळणार की नाही, याविषयी मात्र एक शब्द नव्हता. त्याच कागदावर पुढे आवारातील रस्त्याकडेची जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा विचार चालू असल्याचे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख 'सोयीनुसार' कळविली जाईल असे सांगण्यात आले. स्मरणिका, जागा आणि सभा या तीन बाबी कमिटीने वेगवेगळ्या मानल्या असाव्यात. मला त्या एकाच प्रश्नाच्या तीन बाजू वाटतात, आणि तो प्रश्न असा की या मंडळीचा कारभार कोणाचा आहे आणि त्यात सभासदाला विचारले जाण्याचा हक्क आहे की नाही. इतिहासाचेच पुस्तक निघणार आहे, तेव्हा याचे उत्तर आपल्या इतिहासातूनच शोधावे, या हेतूने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्या मंडळीचे मूळ अमेरिकेहून आलेल्या धर्मप्रचारकांच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे, हे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर येईलच. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले, १८६० मध्ये आगगाडी सोलापुरापर्यंत आली आणि त्याच दशकात मिशनचे काम या शहरात रुजले. चार्ल्स हार्डिंग, लॉरिन गेट्स ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ती आदराने छापली जावीत यात वाद नाही. पण हे मिशन कोणत्या पंथाच्या लोकांचे होते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाचे लोक होते. त्या पंथाची धारणा अशी की, एका ठिकाणी उपासनेला जमणारे विश्वासणारे हेच मंडळीचा कारभार पाहतात. पाळक तेच निवडतात, त्याचे वेतन तेच ठरवितात आणि पैशाचा हिशेबही तेच विचारतात. वरून आलेला हुकूम आणि खालून झालेले पालन, अशी त्यांची रीत नव्हती.

मिशनऱ्यांनी ही रीत आपल्याशी वागताना नेहमी पाळली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्यात जे होते ते येथेही झाले. तरीही हे मिशन चालविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी जेथे मिशन जाईल तेथील मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःच्या खर्चाने चालावे आणि सुवार्ताही स्वतःच पसरवावी, असा आग्रह धरला होता, आणि १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता तो त्यांनी येथील मिशनऱ्यांच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला. त्याच सुमारास अहमदनगरच्या मंडळ्यांना हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे देशी पाळक मिळाले. पुढे मंडळ्यांचे 'ऐक्य', म्हणजे त्यांची एकत्रित सभा, भरू लागले, त्यात खेड्यापाड्यांतून चालत आलेले लोक बसून ठराव करू लागले, आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी ख्रिस्ताची कथा टाळ-चिपळ्यांसह मराठी माणसाच्या कानात घातली. पाळकाचे पोट मिशनच्या पैशावर न चालता मंडळीच्या दशांशावर, म्हणजे सभासदांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर, चालावे, ही चळवळही याच काळातली.

दशांश म्हटले की आज आपल्याला पाकीट आठवते. आपल्या मंडळीतील जुन्या बाया मात्र मुठीच्या धान्याची गोष्ट सांगत असत. भाकरीचे पीठ दळावयास काढताना ज्वारीची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकावयाची, आणि रविवारी ते गाडगे पदराखाली झाकून उपासनेला आणावयाचे. ज्या आठवड्यात घरातच दाणा नसे त्या आठवड्यात रिकाम्या हाताने यावयाची लाज वाटून बाई मागच्या दाराशी बसे. हंगामाच्या सणाला भोपळे, कणसे, अंडी, एखादी ओरडणारी कोंबडी असे सारे वेदीपुढे मांडले जाई आणि उपासना संपताच आवारात त्याचा लिलाव होई. लिलाव पुकारणारा आणि बोली लिहून घेणारा, दोघेही सर्वांच्या डोळ्यांदेखत काम करीत, आणि जमलेली रक्कम तेथल्या तेथे मोठ्याने वाचली जाई. लेखापरीक्षण हा शब्द ज्यांनी ऐकलाही नव्हता त्यांना हिशेब कसा द्यावा हे ठाऊक होते. लिलाव आपण आजही करतो. रक्कम वाचण्याचे मात्र हल्ली राहून जाते.

नेतृत्वाबद्दल लिहिताना स्मरणिकेत पाळकांची क्रमवार यादी येईल, ती यावीच. पण सोलापूरच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या केवळ पाळकांच्या बळावर नव्हे. येथे १८७७ मध्ये कापडाची पहिली गिरणी निघाली, जिला पुढे सारे शहर जुनी मिल म्हणू लागले, आणि ती निघाली तेव्हा १८७६ ते १८७८ चा दुष्काळ जिल्ह्याला सोलून काढीत होता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, प्लेग आला. अनाथ मुले मिशनच्या वसतिगृहांत आली, गावकुसाबाहेरची कुटुंबे गिरणीच्या चाळीत आली, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचल्या त्या घरोघर जाऊन बायबल शिकविणाऱ्या बायबल बाया, शाळामास्तर आणि शाळेत शिकविणाऱ्या मुली. मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात बालवाडी आणि बालशिक्षिकांचा वर्ग चालविला, वोरोनोको शाळेतून मुली शिकून बाहेर पडल्या, आणि त्यांपैकी कितीतरी जणी पुढे आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर मुलांना अक्षरे गिरवून घेत राहिल्या. अशा स्त्रियांची नावे पाळकांच्या यादीत सापडत नाहीत. ती सापडतात आपल्या रजिस्टरांत.

या रजिस्टरांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कमिटीतील किती जणांनी ती अलीकडे उघडून पाहिली असतील याची मला शंका आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन प्रकारच्या वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. एका जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरच्या पानावर शाई विटकरी झाली आहे, कडा वाळवीने नक्षी काढल्यासारख्या खाल्ल्या आहेत, आणि तरी रकाने स्पष्ट वाचता येतात: नाव, बापाचे नाव, गाव, धंदा, साक्षीदार, पाळकाची सही. धंद्याच्या रकान्यात 'गिरणीत', 'गिरणीत', 'मजुरी', 'गिरणीत' असे खालपर्यंत जाते आणि मध्येच एकदा 'शिक्षिका' येते. साक्षीदाराच्या जागी बहुतेक ठिकाणी अंगठा आहे, त्या शिक्षिकेच्या नोंदीत मात्र तिच्या आईची वळणदार, जपून केलेली सही आहे. एका ओळीत दोन पिढ्यांचे शिक्षण उभे राहते. स्मरणिकेत घालावयास याहून मोलाचे छायाचित्र मला तरी सुचत नाही.

या वह्यांचा दुसरा, रोकडा उपयोगही आहे. जन्माची तारीख, विवाहाचा पुरावा, पूर्वजांची मूळ जात अशा बाबींसाठी कचेऱ्यांतून जुने उतारे मागितले जातात, आणि ज्यांच्या घरी कसलाही कागद शिल्लक नाही अशा कुटुंबांना मंडळीच्या रजिस्टरखेरीज आधार नाही. उतारा मागावयास आलेल्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात पाहू' असे सांगून परत पाठविणे हे आपल्याकडे अनेकदा घडले आहे. स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदावर जो खर्च होणार आहे त्याच्या लहानशा भागात या सर्व वह्यांची पाने स्कॅन होऊन, मूळ प्रती कोरड्या जागी, लाकडी कपाटात नीट बांधून ठेवता येतील.

आता दोन गोष्टी, ज्या स्मरणिकेत येणार नाहीत अशी मला भीती वाटते, आणि ज्या आल्याच पाहिजेत असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

पहिली सेटलमेंटची. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही जारी झाला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटा अशा अनेक जमातींची माणसे जन्माने गुन्हेगार ठरवून तेथे ठेवली गेली. त्यांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जावयास परवाना लागे, आणि गिरण्यांना त्यांच्यातून मजूर मिळत. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनने तेथे शाळा चालविल्या, दवापाणी केले, लोकांना कामधंद्याला लावले, हे सारे खरे आहे आणि ते सांगण्यात संकोच नको. पण ज्या मिशनचे तत्त्व माणसांनी आपला कारभार आपण करावा हे होते, त्याच मिशनने कुंपणाआडच्या माणसांवर सरकारच्या वतीने हजेरी घेतली, हेही खरे आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या वसाहतीतील लोकांची नातवंडे आज या शहरात आहेत, काही आपल्याच बाकांवर शेजारी बसतात. त्यांच्या आजोबांच्या बाबतीत मंडळीने काय केले आणि काय करावयास हवे होते, हे लिहिण्याचे काम परक्यांवर सोडू नये.

दुसरी गोष्ट १ जानेवारी १९३८ ची. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेपुढे बोलले. त्या भाषणाचा वृत्तांत ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकात आला आणि पुढे आंबेडकरांच्या जनता पत्रानेही तो छापला. हिंदू म्हणून मरणार नाही या येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे होऊन गेली होती, ते कोणता धर्म स्वीकारणार याकडे सर्वांचे डोळे लागले होते, आणि त्या सभेत त्यांनी आपल्या मनावर बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींचा प्रभाव पडला असल्याचे सांगितले. एवढे वाक्य आपण अभिमानाने उद्धृत करतो आणि पुढे गप्प बसतो. पुढचे त्यांचे म्हणणे कडू होते. दक्षिणेकडील ख्रिस्ती लोक चर्चमध्येही जातिभेद पाळतात. ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे. अस्पृश्य मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते आणि त्याच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. आणि सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी एक समाज म्हणून ख्रिस्ती लोक कधी लढलेले नाहीत, असे त्यांनी आपल्या वाडवडिलांना तोंडावर सांगितले. बोलणारा माणूस पाहुणा होता, ऐकणारे यजमान होते, आणि तरीही हे बोलता आले व ऐकता आले, हे त्या सभेचे मोठेपण.

हे भाषण ज्या शहरात झाले त्या शहरातील मंडळीच्या इतिहासग्रंथात ते पूर्ण छापले पाहिजे, आणि त्याच्या शेजारी आपण आज त्यातील कोणत्या आरोपातून सुटलो आहोत याचे प्रामाणिक उत्तर असले पाहिजे. प्रभुभोजनाच्या पंक्तीत जात विचारावयाची नाही हा आपला जुना नियम आहे, आणि वेदीपाशी तो पाळलाही जातो. सोयरीक जमविताना आणि कमिटीच्या निवडणुकीत कोण कोणाच्या बाजूने उभा राहणार हे ठरविताना तो नियम कोठे जातो, हे मी लिहिण्याची गरज नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले आहे. या प्रश्नावर आपल्या मंडळीने गेल्या काही वर्षांत एखादी सभा घेतल्याचे, एखादे निवेदन दिल्याचे मला आठवत नाही. वाहन उभे करण्याच्या जागेवरून मात्र दोन बैठका झाल्या.

नारायण वामन टिळकांचे छायाचित्र मुखपृष्ठावर घेण्याचे ठरत असल्याचे कानावर आले आहे. टिळकांची पदे आपण दर रविवारी गातो, तेव्हा ते योग्यच आहे. पण ज्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला, ते टिळकही त्या छायाचित्रासोबत आले पाहिजेत. पगार आणि पद यांच्या आधाराने चालणारी मंडळी त्यांना अपुरी वाटली होती. आज ते आपल्या सूचनांच्या वहीत डोकावले असते तर काय म्हणाले असते, याची कल्पना करणे फारसे सुखाचे नाही.

कमिटीतील काही बंधू यावर असे म्हणतील, किंबहुना खासगीत म्हणालेही आहेत, की काँग्रिगेशनल रीत जुनी झाली. १९२४ मध्ये आपण युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेलो, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झाले, आता बिशप आहेत, सिनॉड ही सर्वोच्च सभा आहे, तेव्हा सभासदांनी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये. हा युक्तिवाद सी.एन.आय.ची घटना न वाचता केलेला आहे. सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा बिशपची, वडीलजनांच्या (एल्डरांच्या) परिषदेची आणि सभासदांच्या सभेची, अशा तिन्ही पद्धती नव्या मंडळीत जपावयाच्या असे ठरले होते. बिशप आले म्हणून सभा गेली नाही. पास्टोरेट कमिटी ही सभासदांनी निवडलेली असते, म्हणूनच हे पत्र बिशपसाहेबांच्या कचेरीकडे न पाठविता आपल्या नावे लिहिले आहे. एकता, साक्ष आणि सेवा हे ब्रीद आपण पत्रव्यवहाराच्या कागदावर छापतो. त्यातील साक्ष ही पैशाच्या आणि जमिनीच्या बाबतीतही द्यावयाची असते.

जमिनीचेच बोलावयाचे तर तेथे केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. 'दीर्घ मुदत' म्हणजे नेमकी किती, जागा कोणत्या न्यासाच्या नावावर नोंदलेली आहे, भाडेकरू कोण, दर कसा ठरला, निविदा मागविल्या की नाही, याची माहिती सभासदांना मिळाल्याखेरीज या विषयावर एक पाऊलही पुढे पडू नये. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करून तीन वर्षांची मर्यादा चुकविण्याची युक्ती शहरात पुष्कळांना माहीत आहे. मंडळीने त्या वाटेस जाऊ नये. जागेचे उत्पन्न येणार असेल तर ते कशासाठी, हेही आधी ठरावे. गिरण्या बंद पडल्यापासून आपल्या कितीतरी घरांतील मुले पुण्यात रात्रपाळीवर आहेत आणि त्यांचे आईबाप येथे एकटे आहेत. त्यांच्यासाठी काही करावयाचे म्हणून जागा द्यावयाची असेल, तर मी स्वतः सभेत त्या बाजूने हात वर करीन.

म्हणून माझी विनंती अशी की स्मरणिकेचे प्रकाशन पुढे ढकलावे आणि वार्षिक सर्वसाधारण सभा आधी घ्यावी. तिची तारीख पुढील दोन रविवारी उपासनेत वाचून दाखवावी, राहिलेल्या सर्व वर्षांचे तपासलेले हिशेब सभेपूर्वी फलकावर लावावेत, आणि जागेचा विषय विषयपत्रिकेवर स्पष्ट शब्दांत घ्यावा. 'ऐनवेळचे विषय' या सदरात तो ढकलू नये. सभा सकाळच्या उपासनेला लागूनच असावी, म्हणजे संध्याकाळी एकट्याने घरी जाणे ज्यांना जमत नाही अशा वृद्धांना आणि स्त्रियांना बसता येईल. मतदारयादीत नाव आहे की नाही हे पाहण्यासाठी यादीही त्याच फलकावर लावावी, कारण वर्गणी भरूनही नाव गळल्याच्या तक्रारी आहेत.

इतिहास लिहिण्यासाठी सभेने एक छोटी समिती नेमावी, तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि किमान एक जण असा असावा ज्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, कारण या शहरातील मंडळी कधीच केवळ मराठी भाषकांची नव्हती. रजिस्टरे, इतिवृत्ताच्या वह्या आणि घरोघरच्या ट्रंकांतील छायाचित्रे यांची यादी या समितीने करावी. वयस्कर सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे काम आपली तरुण मंडळी मोबाइलवर सहज करू शकतील, आणि ते या पावसाळ्याच्या आत व्हावे, कारण ज्यांना विचारावयाचे त्यांच्यापैकी बरेच जण ऐंशीच्या पुढे आहेत. लिहून झालेला मजकूर महिनाभर वाचनासाठी खुला ठेवावा आणि मगच छापखान्यात जावा. रजिस्टरांच्या स्कॅनिंगला लागणारा खर्च काही कुटुंबे मिळून उचलावयास तयार आहेत. त्यासाठी कमिटीने फक्त पेटीची किल्ली आणि एका जबाबदार व्यक्तीची हजेरी द्यावी.

या पत्राचे लेखी उत्तर सभेच्या तारखेसह मिळावे. ते फलकावर लावले तरी चालेल.

आपला नम्र बंधू,
मंडळीचा एक सभासद
सोलापूर